चंदैनी गोंदा : पोलादाच्या शेजारचे गाणे

छत्तीसगडी भाषेत ‘गम्मत’ असा एक शब्द आहे. ‘नाचा’ नावाच्या येथील लोकनाट्यात रात्रभर जी लहानमोठी प्रहसने होतात, त्यांतील प्रत्येकास गम्मत म्हणतात. महाराष्ट्रातून बदलीवर भिलाईस आलेल्या माणसास हा शब्द ऐकून प्रथम हसू येते; तो भंडारा-नागपूरकडचा असेल, तर त्यास आपल्या गावच्या खडी गंमतीची आठवण होते. तेथेही उभ्यानेच वाजविणारे वादक, स्त्रीवेषातील नाच्या, आणि पहाटेपर्यंत न हलणारा प्रेक्षक. हा शब्द व हा प्रकार मराठ्यांच्या छावण्यांबरोबर येथे आला, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल तर त्यात नवल नाही. इ. स. १७४१ मध्ये भास्करपंत कोल्हटकर रतनपुरावर चालून आले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून कारभार केला. आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत हा मुलूख भोसल्यांकडेच होता. पुढेही १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दुर्ग, रायपूर व बिलासपूर या जिल्ह्यांचे कागद नागपुरासच जात असत.

इतक्या जुन्या सहवासानंतरही आपणा मराठी नोकरदारांस येथील गाण्याची ओळख किती, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. आपल्या मंडळांत नाट्यगीते होतात, गीतरामायण होते, दिवाळीस पुण्या-मुंबईचे गायक येतात. भिंतीपलीकडच्या गावात काय गायिले जाते, हे मात्र आपण बदलीचा हुकूम येईपर्यंत विचारीत नाही. म्हणून या लेखात आम्ही ‘चंदैनी गोंदा’ या गायक-नटांच्या पथकाचा वृत्तान्त मांडणार आहोत. या पथकाच्या गाण्यांनी छत्तीसगडचा कान घडविला, आणि ती निर्माण झाली आमच्या कारखान्याच्या धुराड्यांच्या टप्प्यात.

नावापासूनच आरंभ करू. गोंदा म्हणजे झेंडू. कोकणात अजूनही झेंडूस गोंडा म्हणतात. चंदैनी गोंदा ही त्यातली लहान फुलांची जात. देवाच्या माळेत आणि गरिबाच्या परसात सारखेच शोभणारे हे फूल. नाव ठेवणारे दाऊ रामचंद्र देशमुख. देशमुख हे आडनाव ऐकून मराठी वाचक फसतो. दाऊजी पक्के छत्तीसगडी, पदवी तेवढी आपल्या जुन्या महसूलव्यवस्थेतली. ‘दाऊ’ ही येथील मालगुजार घराण्यांची मानाची संज्ञा. त्यांचा जन्म १९१६ चा, पिनकापार गावचा. पुढे दुर्ग शहरालगतच्या बघेरा या गावी ते राहिले.

दाऊजींच्या आधी या प्रांतात एक मोठा माणूस होऊन गेला, त्याचा उल्लेख न करता पुढे जाणे अन्यायाचे होईल. राजनांदगावजवळील रवेली गावचे दुलारसिंह साव, लोकांचे ‘मंदराजी दाऊ’. १९२७-२८ च्या सुमारास त्यांनी रवेलीची नाचामंडळी संघटित केली. पूर्वी नाचाचे वादक उभे राहून, तबला कमरेस बांधून, चिकाऱ्याच्या साथीने वाजवीत. मंदराजींनी चिकाऱ्याच्या जागी पेटी आणली. ज्या हौसेपायी जमीनजुमला गेला ती हौस त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. आपल्याकडे तमाशापायी वतने घालविणाऱ्यांच्या कथा पुष्कळ आहेत. त्यांच्याच पंक्तीचा हा पुरुष. आज छत्तीसगड शासन लोककलेचा सन्मान त्यांच्या नावे देते.

रामचंद्र देशमुखांनी १९५० च्या सुमारास ‘छत्तीसगढ देहाती कला विकास मंडळ’ काढले. नाचातील उत्तम नटांस एकत्र करावे, त्यातला फाजीलपणा काढावा, आणि शिकलेल्या माणसास आपल्या खेड्याची लाज वाटू नये असे काही उभे करावे, हा त्यांचा हेतू. मध्यंतरी ते काम थंडावले. याच काळात शेजारी दुसरे, फार मोठ्या आवाजाचे काम सुरू झाले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत रशियाशी करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. वर्षास १० लक्ष टन पोलाद, हा पहिला संकल्प. भाताच्या शेतांवर सेक्टर उठले. मलयाळी, बंगाली, तेलुगू, पंजाबी, मराठी अशी सगळ्या हिंदुस्थानची माणसे आली आणि ज्याने त्याने आपापले मंडळ, आपापले देऊळ व आपापला उत्सव थाटला. ज्यांची शेते गेली ते बहुधा ठेकेदाराकडे माती वाहावयास लागले. ‘छत्तीसगडी’ म्हणजे मागासलेला, ही भावना या नव्या नगरीत तर अधिकच घट्ट झाली. ती भावना आपल्यातील काहींच्या बोलण्यात आजही डोकावते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

या पार्श्वभूमीवर ७ नोव्हेंबर १९७१ च्या रात्री बघेरा येथे ‘चंदैनी गोंदा’चा पहिला प्रयोग झाला. (रशियन राज्यक्रांतीचा वार्षिक दिन तोच, हा केवळ योगायोग.) कथानक म्हणावे तर साधे. छत्तीसगडच्या शेतकऱ्याचे आयुष्य, त्याची पेरणी, त्याचा दुष्काळ, त्यास नाडणारे लोक, आणि त्याचे सण. परंतु प्रसंगांना जोडणारे सूत्र गाण्यांचे होते. गीते लक्ष्मण मस्तुरिया यांची, काही रविशंकर शुक्ल आदी इतर कवींची. संगीत खुमानलाल साव यांचे. मस्तुरिया त्या वेळी अवघे २२ वर्षांचे होते. खुमानलाल १९२९ चे, म्हणजे चाळिशी ओलांडलेले. तरुणपणापासून नाचाच्या पेटीवर बोटे तयार झालेली. गायकांत भैयालाल हेडाऊ होते, केदार यादव होते, अनुराधा ठाकूर, संगीता चौबे होत्या, आणि राजनांदगावची अगदी कोवळ्या वयाची कविता हिरकने होती, जी पुढे कविता वासनिक या नावाने घरोघरी पोचली. हेडाऊ, हिरकने, वासनिक ही आडनावे आपल्या कानास परकी वाटत नाहीत. राजनांदगावापासून पश्चिमेस दोन-तीन तासांच्या गाडीच्या प्रवासात महाराष्ट्राची हद्द लागतेच.

खुमानलालांनी केले काय, हे थोडे सावकाश पाहिले पाहिजे. या प्रांतात गाण्याचे प्रकार विपुल आहेत. दिवाळीच्या दिवसांत पोपटाची मातीची मूर्ती टोपलीत ठेवून स्त्रिया फेर धरतात ते सुवागीत, श्रावणात भुजलीच्या अंकुरांपाशी म्हणतात ते भोजलीगीत, देवीची जसगीते, सतनामी समाजाचे पंथीनृत्य आणि त्याचे गाणे, आणि सर्वांत लोकप्रिय ददरिया. ददरिया म्हणजे शेतात काम करताना स्त्री-पुरुषांनी एकमेकांवर फेकलेल्या द्विपदी. पहिल्या ओळीचा दुसरीशी अर्थाने संबंध असेलच असे नाही, यमकाने मात्र असतोच. आपल्या जात्यावरील ओवीशी त्याचे नाते लागते. फरक इतका की ओवी एकटीची, ददरिया दोघांचा. या चाली लहान आवाक्याच्या असतात. चारपाच स्वरांत फिरतात आणि शेवटच्या स्वरावर रेंगाळतात. चित्रपटसंगीतवाला अशा चालीस हात लावतो तेव्हा ती ताणून मोठी करतो, अंतऱ्यात दुसराच राग घालतो आणि वीस व्हायोलिने लावतो. खुमानलालांनी चाल तेवढीच ठेवली. बासरी, बेंजो, मोहरी, पेटी आणि तबला एवढ्यावर भागविले. वाद्यांनी मध्ये बोलावयाचे ते वाक्य संपल्यावर, दोन माणसांच्या संभाषणात तिसऱ्याने ‘हूं’ म्हणावे तसे. त्यामुळे शब्द स्वच्छ ऐकू येतो, आणि छत्तीसगडी न जाणणाऱ्या आमच्यासारख्यासही निम्मे कळते.

कविताबाईंचे गाडीवानास त्याच्या गावाचा पत्ता विचारणारे गीत हे याचे उत्तम उदाहरण. मुलगी विचारते आहे आणि गाडी चालली आहे, एवढाच प्रसंग. आवाज किंचित अनुनासिक, न घासलेला. पण स्वर कोठे हलत नाही. या आवाजास कोणी शास्त्रीय तालमीत घालून गोल केले नाही, ही आमच्या मते दिग्दर्शकाची मोठी समज.

आता येथे जरा दूर जावे लागेल. कारखान्याच्या गावातून लोकांचे गाणे निघण्याचे आमच्या काळातील प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील डेट्रॉइट या मोटारींच्या नगरीचे. तेथे बेरी गॉर्डी नावाच्या निग्रो तरुणाने (त्या वेळच्या लेखनातला हा शब्द, आज कृष्णवर्णीय म्हणतात) मोटारीच्या कारखान्यात जोडणीच्या ओळीवर काम केले, आणि १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन ध्वनिमुद्रिकांची कंपनी काढली. तिचे नाव पुढे ‘मोटाउन’ झाले. एका टोकास सांगाडा आत जातो आणि दुसऱ्या टोकास चकचकीत गाडी बाहेर पडते, तसा गायक घडवावयाचा ही त्याची कल्पना. गीतकार वेगळे, वादक वेगळे, चालण्याबोलण्याची रीत शिकविणाऱ्या बाई वेगळ्या, पदन्यास शिकविणारे गुरू वेगळे. चर्चमधील कृष्णवर्णीयांच्या भजनातून आलेल्या या गायनास ‘सोल’, म्हणजे आत्मा, म्हणतात.

या कंपनीच्या ‘फोर टॉप्स’ या चौकडीचा १९६७ च्या जुलैत निघालेला ‘रीच आउट’ हा संग्रह आम्ही अनेकदा ऐकला आहे. लीव्हाय स्टब्ज हा मुख्य गायक; लॉरेन्स पेटन, ओबी बेन्सन आणि ड्यूक फकीर हे तिघे त्याचे झीलकरी. आपल्या पोवाड्यातील झील आणि ही झील यांत तत्त्वतः भेद नाही: एकाने हाक द्यावयाची, बाकीच्यांनी ती अंगावर झेलून परत द्यावयाची. स्टब्जचा गळा मध्यम पट्टीचा. हॉलंड बंधू व डोझियर या रचनाकारांनी मुद्दाम त्याची गाणी वरच्या स्वरांत बांधली; गळा ताणला जावा आणि गाणे विनवणीच्या जागी ओरडण्यास पोचावे म्हणून. संग्रहाच्या नावाचे गीत आधीच १९६६ मध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडातही अव्वल क्रमांकावर गेले होते. त्यातील प्रियकर खचलेल्या प्रेयसीस सांगतो की हात पुढे कर, मी आहे. याच संग्रहात दुसऱ्यांची गाजलेली गाणीही भरली आहेत. त्यांतील दोन तर दूरचित्रवाणीवरील पोरांच्या एका वाद्यवृंदाची. ती आम्हांस भरतीची वाटतात. पण ‘बर्नाडेट’ आणि ‘सावलीत उभा’ अशा अर्थाचे ते दुसरे गीत ऐकताना, चौघांचा एकच श्वास असल्याचा भास होतो. संग्रह निघाला त्याच महिन्याच्या २३ तारखेस डेट्रॉइटमध्ये दंगल पेटली. पाच दिवसांत ४३ माणसे मेली. मोटाउन १९७२ मध्ये आपला बाडबिस्तरा घेऊन लॉस एंजेलिसला गेली. फोर टॉप्सनी तेव्हा कंपनी सोडली. पेटन १९९७ मध्ये वारला तोवर चौघांपैकी एकही बदलला नव्हता. आणखी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. चौघांतील शेवटचा, २०२४ मध्ये निवर्तलेला ड्यूक फकीर, याचा बाप पूर्व बंगालचा. पोटासाठी डेट्रॉइटच्या कारखान्यात गेलेला एक हिंदी मजूर.

‘रीच आउट’नंतर पाच वर्षांच्या आत बघेऱ्याच्या मंचावर लक्ष्मण मस्तुरियांनी स्वतःच्या आवाजात ‘मोर संग चलव रे’ हे गीत म्हटले. पडलेल्यास, अडखळलेल्यास, वाटेत मागे राहिलेल्यास आपल्याबरोबर चलण्याचे ते बोलावणे आहे. डेट्रॉइटच्या गाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. मस्तुरियांनी ते ऐकले असेल असे मानावयास आधार नाही. तरी दोन्ही ऐकणाऱ्यास एकच जागा सापडते. अमेरिकेतल्या गाण्यात बोलणारा प्रियकर आहे. लोकांनी त्याच्या हाकेस आपली हाक केले. मस्तुरियांनी प्रियकराचा आडोसा घेतलाच नाही. ते थेट लोकांस बोलावतात. आवाज गायकाचा नव्हे, कवीचा आहे. स्वरास पुरेसे पैलू नाहीत. आणि तेच त्याचे बळ ठरले, कारण हे गीत सभेत, मोर्चात, शाळेत कोणासही म्हणता आले. स्वतंत्र राज्याची मागणी करणाऱ्यांच्या तोंडीही ते होते. ते राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले.

परंतु गुणगानात एक अडचणीचा प्रश्न झाकला जाऊ नये. लोककलेस घासूनपुसून उजळ करावयाचे म्हणजे तिच्यातले काय काढावयाचे? डेट्रॉइटच्या बाईंनी गायिकांस खुर्चीवर कसे बसावे हे शिकविले. तसे दाऊजींनी नाचातील ‘परी’ आणि तिची चावट बोली दूर केली, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांस दिल्या, मशालीच्या जागी आखीव प्रकाशयोजना आणली. आपल्याकडेही हे घडलेच आहे. तमाशाचे लोकनाट्य झाले, आणि वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने १९६५ मध्ये दादा कोंडक्यांस पांढरपेशांच्या नाट्यगृहात आणले. तेव्हा फडावरच्या जुन्या सोंगाड्यांस काय वाटले, ते कोणी लिहून ठेविले नाही.

याच भूमीत दुसरा मार्ग रायपूरच्या हबीब तन्वीरांनी धरला. १९५८ मध्ये त्यांनी नाचाचे सहा नट दिल्लीस नेले. १९७३ मध्ये रायपुरास नाचाची कार्यशाळा घेतली. १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ उभे केले, ज्यात देवार या भटक्या जातीच्या फिदाबाई राणी झाल्या. तन्वीरांनी नटास त्याच्या बोलीत, त्याच्या चालीने, त्याच्या उद्धटपणासकट उभे राहू दिले. जगाने त्यांस वाखाणले. परंतु त्यांचा प्रेक्षक पुष्कळ अंशी दिल्लीचा व परदेशचा. दाऊजींचा प्रेक्षक बैलगाडीतून येणारा. ज्यास रोज दुसरे हिणवतात त्यास मंचावर स्वतःचे स्वच्छ, नीटनेटके रूप पाहावेसे वाटते, यात चूक शोधणे हे पोट भरलेल्याचे काम आहे. आम्ही या वादात दाऊजींच्या बाजूस झुकतो, हे उघड सांगतो. तथापि गम्मतीची शिवीगाळ व तिचा मुखियास-सावकारास बोचणारा विनोद, हे चंदैनी गोंद्याच्या प्रयोगात मवाळ झाले हेही खरे. करुणा वाढली, तिखट कमी झाले.

पुढची हकीगत थोडक्यात. २ ऑक्टोबर १९६३ रोजी सुरू झालेल्या रायपूर आकाशवाणीने ही गाणी गावोगाव नेली. १९७४ मध्ये दाऊ महासिंग चंद्राकरांनी ‘सोनहा बिहान’ हे दुसरे पथक काढले. त्यासाठी नरेंद्रदेव वर्मांनी लिहिलेले ‘अरपा पैरी के धार’ हे गीत २०१९ मध्ये छत्तीसगडचे राज्यगीत झाले. भैयालाल हेडाऊ सत्यजित राय यांच्या ‘सद्गति’ या १९८१ च्या चित्रपटात गोंडाच्या भूमिकेत दिसतात. लहानशी भूमिका, पण पाहिलेला माणूस विसरत नाही. दाऊजींनी पुढे देवारांच्या जीवनावर ‘देवार डेरा’ व १९८४ मध्ये ‘कारी’ हे नाटक केले. ते १९९८ च्या जानेवारीत वारले. मस्तुरिया २०१८ च्या नोव्हेंबरात आणि खुमानलाल २०१९ च्या जूनमध्ये गेले. खुमानलालांस २०१५ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, म्हणजे ८६ व्या वर्षी. सरकारी फाईल कोणत्या गतीने चालते हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

आज आपल्या हाती राहिली आहेत ती ध्वनिमुद्रित गाणी. रात्रभर चालणारा तो प्रयोग, गाण्याआधीचा संवाद, गाण्यानंतरची शांतता, हे गेले. शेतकऱ्याच्या घरची विपत्ती पाहून झाल्यावर जे गीत ऐकावयाचे ते आज आपण लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकरवर ऐकतो.

एक काम मात्र होण्यासारखे आहे, आणि ते आपणच करू शकू. भंडारा, गोंदिया आणि नागपूरकडील खडी गंमत अजून पुरती संपलेली नाही. आपल्या वाचकांपैकी त्या भागातील जे कोणी दिवाळीस घरी जातील त्यांनी आपल्या गावच्या शाहिरापाशी बसून जुन्या चाली ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि परत आल्यावर रवेली-राजनांदगावकडच्या एखाद्या वृद्ध नाचावाल्यास त्या ऐकवाव्यात. कोणती चाल त्यास ओळखीची वाटते, ते टिपून ठेवावे. असे टिपण आमच्याकडे आले तर ते या मासिकाच्या पुढील अंकात छापावे, अशी विनंती आम्ही संपादकांस करून ठेविली आहे.